अनुभव धागा: हरत आलेला आपला संघ थोडक्यात जिंकतो तेव्हा

२४ सप्टेंबर २०२४. शिकागोत ३५व्या रस्त्यावरच्या स्टेडियममध्ये होतो. आमचा बेसबॉल संघ व्हाईट सॉक्स त्या मोसमात १२० सामने हरला होता. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सशी बरोबरी झाली होती. अजून एक हरलो की एका मोसमातल्या सर्वाधिक पराभवांचा आधुनिक काळातला नकोसा विक्रम आमचा. एंजल्स संघाविरुद्ध नऊपैकी सात इनिंग संपल्या तेव्हा ०-२. त्या वर्षी सातव्यानंतर मागे असताना आम्ही ९४ पैकी ९४ सामने हरलो होतो. 'संघ विकून टाका' म्हणून लोक ओरडत होते. काहीजण तर विक्रम बघायलाच आले होते, ते मला फार लागलं.

आठव्या इनिंगमध्ये तीन धावा निघाल्या. आमच्या बेनिंटेंडीच्या फटक्यावर पुढे गेलो आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझं मनगट पकडलं. हात गार पडला होता त्यांचा. शेवटचा बॅटर बाद होईपर्यंत सोडला नाही. ३-२. मग फटाके. तीन दिवसांनी डेट्रॉईटला १२१वा पराभव झालाच, पण ती रात्र आमची होती.

तुमच्याही संघाने असा जीव टांगणीला लावला असेल, तर लिहा. स्कोअर आठवत नसला तरी चालेल, तुम्ही कुठे होता ते लिहा.

* * *

त्याच सामन्याचं लिहिते. दहा वर्षं शिकागोत राहून आम्ही पुण्याला परतलो. तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. सव्वापाचला ओट्यावर मोबाईल उभा केला, आवाज बंद. आठवी इनिंग आली तेव्हा लेकीच्या डब्याच्या पोळ्या चालू होत्या. एक तव्यावरच करपली. सासूबाई आत आल्या, "काय गं, काय झालं?"

"आई, जिंकलो!"

"कप मिळाला?"

"नाही हो, या वर्षातला सदतिसावा सामना."

त्या देवघरात गेल्या आणि वाटीतली साखर माझ्या हातावर ठेवली.

* * *

आमचं २००३, डेट्रॉईट टायगर्स. ११९ पराभव झाले होते, दोन सामने उरले होते. २७ सप्टेंबरला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध ०-८ मागे. रूममेट म्हणाला, चल निघू. मी नाही उठलो. नोकरी गेली होती, घरी आईबाबांना अजून सांगितलं नव्हतं, खोलीवर जाऊन तरी काय करणार होतो? एकेक धाव करत ८-८ झालं. नवव्या इनिंगमध्ये पिचरचा चेंडू भलतीकडेच गेला आणि आमचा खेळाडू होमवर पोचला, म्हणजे धाव पूर्ण. ९-८! मी घसा बसेपर्यंत ओरडलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो, ४३ विजय, ११९ पराभवांवर मोसम संपला, मेट्सची बरोबरी टळली. त्या रात्री घरी फोन केला आणि सगळं सांगितलं.

तीनच वर्षांनी, २००६ला, टायगर्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत होते. पण मला विचाराल तर ९-८च.

* * *

व्हाईट सॉक्सचा २५ सप्टेंबर २०२४चा सामना राहिलाच की! पुन्हा बेनिंटेंडी, बरोबरीमुळे वाढवलेल्या दहाव्या इनिंगमध्ये, ४-३. माझा नऊ वर्षांचा मुलगा स्कोअरची वही पेन्सिलने भरत होता. शेवटची धाव लिहिताना हात इतका थरथरत होता की कागद फाटला. मागून चिकटपट्टी लावली आहे, पान अजून आहे.

गाडीत म्हणाला, "बाबा, उद्या पण जाऊ या ना."

गुरुवारी दुपारचा सामना, म्हणजे शाळा बुडणार. रात्रीच बाईंना चिठ्ठी लिहून ठेवली.