क्लातेनच्या खेड्यात सासुरवाडीला घर: जागा विकत घ्यावी की भाडेपट्ट्यावर?

मु_पो_क्लातेन
जावात नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींची लग्नं तिकडेच होतात. मग बायकोच्या गावात घर करायचा विषय निघतो. योग्याकार्ता आणि सोलोच्या मधला क्लातेन जिल्हा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. नवरा भारतीय पासपोर्टवाला, बायको इंडोनेशियन. माझं मत साफ आहे: जागा विकत घेऊ नका, २५ वर्षांचा भाडेपट्टा करा.

१९६० च्या जमीन कायद्याचं कलम २१ सांगतं की पूर्ण मालकी (हाक मिलिक) फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. बायको नागरिक असली तरी १९७४ च्या विवाह कायद्यानं लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक. त्यामुळे तिच्या जमिनीत परदेशी नवऱ्याचा हिस्सा शिरतो आणि दस्त करणारा हात आखडता घेतो. मेहुण्याच्या नावावर घेऊन आतून कबुलीपत्र लिहून घ्यायची शक्कल तर विसराच. कलम २६ नुसार असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, वर दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. परदेशी माणसासाठी वापरहक्क (हाक पाकाई) आहे, ३० अधिक २० अधिक ३० वर्षांचा. पण त्याला घराच्या किमान किमतीची अट आहे आणि खेड्यातलं साधं घर त्या आकड्याच्या आसपासही जात नाही.

भाडेपट्ट्याला यातलं काही आडवं येत नाही. मालकानं मध्येच जागा विकली तरी नागरी संहितेच्या कलम १५७६ मुळे पट्टा मोडत नाही.

कुळकायदा
अर्धीच गोष्ट सांगितलीत. सामाईक मिळकतीची अडचण विभक्त मालमत्तेच्या कराराने सुटते. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. २०१६ च्या ऑक्टोबरात संविधान न्यायालयानं निकाल दिला (क्रमांक ६९, वर्ष २०१५) आणि तेव्हापासून लग्नानंतरही करता येतो. नोटरीपुढे करार, मग त्याची नोंद: मुस्लिम जोडपं असेल तर कुआ या धार्मिक खात्याच्या विवाहनोंदणी कार्यालयात, नाहीतर नागरी नोंदणी कार्यालयात. ही नोंद राहिली तर करार नवरा-बायकोपुरता उरतो, तिसऱ्याला तो बांधत नाही. लोक नेमकं इथेच ढिलाई करतात.

नंतर बायको कुठल्याही गावकऱ्यासारखी हाक मिलिक घेते. खर्च बघा. जागा ३० कोटी इंडोनेशियन रुपियाची धरा. खरेदीदाराचा कर ५ टक्के, तोही किमान ८ कोटींची सूट वजा करून, म्हणजे २२ कोटींवर १ कोटी १० लाख. विकणाऱ्याचा आयकर अडीच टक्के, ७५ लाख. दस्त करणाऱ्या पेपातची फी जास्तीत जास्त १ टक्का, ३० लाख. पट्ट्यात तुम्ही २५ वर्षांचे पैसे आगाऊ मोजता, घर स्वतःच्या खर्चानं बांधता आणि शेवटी जागा घरासकट दुसऱ्याची. ह्याला शहाणपण म्हणायचं?

उंबरठा
कुळकायदा, आणि बायको आधी गेली तर? वारसाहक्कानं आलेली हाक मिलिक परदेशी नवऱ्याला एका वर्षात सोडावी लागते, नाहीतर हक्क संपतो आणि जमीन सरकारची. दुःखात बुडालेल्या माणसाला वर्षाच्या आत गिऱ्हाईक शोधायला लावणारा कायदा आहे हा.

कुळकायदा
म्हणून मुलं. इंडोनेशियन आईचं मूल तिथलं नागरिक असतं. आपल्या वकिलातीत जन्म नोंदवायचा तर मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. त्यामुळे बहुतेकांना एक बाजू निवडावीच लागते. मूल इंडोनेशियन ठेवलं तर जमीन सरळ त्याच्याकडे जाते. फक्त ते अज्ञान असेपर्यंत विकायची झाली तर न्यायालयाची परवानगी लागते.

वाफसा
तुम्ही दोघं कायद्यावर भांडताय. खेड्यात माणूस फसतो ते कागद न वाचल्यामुळे.

गावात 'जमिनीचा कागद' म्हणून तीन गोष्टी पुढे केल्या जातात. एक, गावदप्तरातल्या 'लेटर सी' वहीचा उतारा. दोन, पेतोक डी किंवा गिरिक, म्हणजे जुने जमीनकराचे दाखले. तीन, दरसाल येणारं जमीनकराचं बिल. यातलं एकही मालकीपत्र नाही. आपल्याकडे घरपट्टीची पावती दाखवून घर विकण्यातला प्रकार. २०२१ च्या १८ व्या सरकारी नियमानं जुन्या लेखी पुराव्यांना नोंदणीसाठी पाच वर्षं दिली होती, ती २ फेब्रुवारी २०२६ ला संपली. आता ते कागद नुसते माग काढायच्या कामाचे. भूमी कार्यालयाचं सर्टिफिकेट नसेल तर बयाणाही देऊ नका. असेल तर पेपातकडून त्याच कार्यालयात पडताळून घ्या: बँकेचा बोजा, वाद, क्षेत्र.

सर्टिफिकेट मेलेल्या आजोबांच्या नावावर असणं हे तिथलं नेहमीचं दुखणं. आधी वारसनोंद, मग सगळ्या वारसांच्या सह्यांनी वाटणीचा दस्त, मग विक्री. एक भाऊ सुमात्रात मळ्यावर, एक बहीण हाँगकाँगला घरकामाला. एक सही अडली की व्यवहार अडला. वाटणीवरूनही कुरबुर होते: कुणी धर्मशास्त्राचा हिशेब काढतो, कुणी जावानीज रिवाजाचा, ज्यात मुलाला कावडभर आणि मुलीला पाठीवरच्या झोळीभर म्हणजे दोनास एक, तर कुणी म्हणतो सगळ्यांना सारखं.

वाफसा
भातखाचराचं राहिलं. 'स्वस्तात दोन हजार मीटर साव्हा (भातखाचर)' म्हणून कुणी गळ घातली तर घर विसरा. २००९ च्या ४१ व्या कायद्यानं कायम शेतीची जमीन राखलेली आहे, वर संरक्षित भातखाचरांचा नकाशाही आहे आणि त्यात जावा बेट येतं. साव्ह्याची घरजागा (पकारांगान) करून घ्यायची प्रक्रिया आहे, आपल्या एनएसारखी, पण संरक्षित पट्ट्यात हात टेकावे लागतात. शिवाय १९६१ च्या नियमानुसार शेताचा मालक त्याच तालुक्यात नाहीतर लगतच्या तालुक्यात राहणारा हवा. बायकोचं ओळखपत्र जाकार्ताचं असेल तर तिथेच अडकलं.

चहाटळ
म्हणजे बिगरशेतकऱ्याची रड जावातही चुकत नाही. चालू द्या.

मु_पो_क्लातेन
वाफसांनी जे लिहिलं त्यानं माझीच बाजू पक्की होते. वारसांच्या भानगडीत पट्टेदाराला निम्मंच उतरावं लागतं.

वाफसा
अजिबात नाही. मालक गेला आणि पट्ट्यावर वारसांच्या सह्या नसल्या तर तेच वारस दारात येतात. कायदा तुमच्या बाजूनं असेल, पण खेड्यात शेजाऱ्यांशी कोर्टात भांडून राहता येतं का? पट्टा करायचाच तर पहिल्या दिवशी सज्ञान वारसांच्या सह्या घ्या, मुदतवाढीचा दर आत्ताच लिहा आणि भाड्यावरचा १० टक्के कर कोण भरणार तेही.

नीरा
पट्टेदार आणि मालक यांच्यातला फरक गावात दिसतोच. भाड्यानं राहण्याला 'ङोन्त्राक' म्हणतात, आणि असा माणूस उद्या जाणार असं गृहीत धरलं जातं. घर स्वतःचं असलं की बायकांच्या आरिसान भिशीत नाव आपोआप येतं.

उंबरठा
नाही पटलं. गाव सातबारा बघत नाही, हजेरी बघतं. आल्यावर चोवीस तासांत एरतेच्या, म्हणजे आळीतल्या शेजारगटाच्या प्रमुखाला कळवलं का? रात्रीच्या गस्तीची पाळी केली का? ओसरीला टांगलेल्या डबीत रोजचे ५०० रुपिये किंवा मूठभर तांदूळ ठेवले का? गस्तवाले रात्री ते गोळा करून नेतात. शेजारी लग्न निघालं की बायका आदल्या दिवसापासून रेवांगला, म्हणजे स्वयंपाकाला हात द्यायला जातात. अहेराचं पाकीट वहीत लिहिलं जातं आणि तुमच्या कार्याला तेवढंच परत येतं. मयताचे तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, हजारावा दिवस असतात, तिथे पुरुषांनी जाऊन बसायचं. एवढं करणारा भाडेकरू गावाचा होतो. कुंपण घालून बसलेला मालक होत नाही.

अहेराचा खर्च मात्र अंदाजपत्रकात धराच. जावानीज पंचांगातल्या बसार महिन्यात एकामागून एक लग्नं लागतात. सुरो महिन्यात शुकशुकाट, त्यात लग्नही नाही आणि घराचा पायाही नाही.

कुळकायदा
पाया काढलात म्हणून: २७ मे २००६ च्या भूकंपात क्लातेनच्या दक्षिणेकडचे गांतिवार्नो, वेदी हे भाग झोपले. नुसत्या विटांच्या भिंती, कोपऱ्यांना सळईचे खांब नाहीत, वर जड कौलं. तळपट्टी, कोपऱ्याचे खांब आणि भिंतीच्या माथ्यावरची पट्टी यांच्या सळया एकमेकींत वाकवून बांधलेल्या हव्यात, नुसत्या टेकवलेल्या नकोत. गावचा गवंडी तिथेच सळई वाचवतो, तेव्हा काँक्रीट पडण्याआधी स्वतः बघा. उत्तरेला कमालांगकडे मेरापी ज्वालामुखीचा धोका-नकाशा तपासा. तिथे कोरड्या हंगामात टँकरचं पाणी घ्यावं लागतं, हेही किमतीत धरा. पट्ट्यावरच्या घरावर एवढा खर्च कुणी मनापासून करेल?

नीरा
आणि ये-जा? मुंबईहून जाकार्ताला थेट विमान आहे, पुढे योग्याकार्तापर्यंत रेल्वेचे सहा ते आठ तास, तिथून क्लातेनला लोकल. स्टेशनापासून गावापर्यंतच खरी पंचाईत. घरोघरी हप्त्यावरची स्कूटर आली आणि खेड्यातल्या टमटमा बंद पडत गेल्या. ॲपवरचा दुचाकीवाला रात्री आत यायला कुरकुरतो. स्टेशनापासून लांबचं स्वस्त घर शेवटी महागच पडतं. ईदच्या तोंडावर तर निघूच नका, तिकिटं खुली झाल्या झाल्या संपतात.

मु_पो_क्लातेन
कुळकायदा, खर्च करेल, जर करारात बांधकामाची मालकी पट्टेदाराची असं लिहिलं असेल आणि बांधकाम परवाना त्याच्या नावे असेल. कार्तासुरा ते क्लातेन टोलरस्ता २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला, त्यासाठी बऱ्याच जमिनी गेल्या. पुढेही जातील. भरपाईत जमिनीचे पैसे मालकाला आणि घराचे पट्टेदाराला, हे कलम घालाच.

कुळकायदा
कलम घाला, पण घराची किंमत कोण ठरवणार तेही त्यातच लिहा. नाहीतर मूल्यांकन होणार एकत्र आणि धनादेश निघणार सर्टिफिकेटवर ज्याचं नाव त्याच्याकडे.