‘जैविक वय ६८’चा रिपोर्ट, एनएमएनच्या डब्या आणि रॅपामायसिन: यातलं टिकलं काय, पडलं काय?

तापीकाठ (चोपडा):

राम राम मंडळी. ज्येष्ठ नागरिक संघासाठी दोन पानी टिपण करायचंय: म्हातारपण लांबवण्याच्या संशोधनात आजवर खरंच काय हाती लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या तीन गोष्टी फिरतात. रक्त किंवा लाळ पाठवा, ‘जैविक वय’ सांगतो, ही एक. एनएमएन नावाच्या, तारुण्य टिकवतं म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकाच्या डब्या, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे ‘रॅपामायसिनने उंदीर जास्त जगले, मेटफॉर्मिन तर मधुमेहाची साधी गोळी, ती सगळ्यांनीच घ्यावी’.

नेमके प्रश्न असे. एकाच माणसाचं एकाच आठवड्यात दोनदा काढलेलं जैविक वय ५-६ वर्षांनी वेगळं येऊ शकतं का, आणि येत असेल तर का? उंदरांवरचे आकडे कितपत धरायचे? आणि मधुमेह नसलेल्याने मेटफॉर्मिन घेतली तर बिघडतं काय? ‘चांगलं खा, फिरायला जा’ हे संघात सगळ्यांना पाठ आहे, ते नको. आकड्यांसकट सांगा.

नमुना_नळी (जळगाव):

५-६ काय, त्याहून जास्त फरकही पडू शकतो. चाचणी आतून कशी चालते ते पाहिलं की कारण कळतं.

डीएनएच्या साखळीत सायटोसिन नावाचं एक अक्षर असतं. काही जागी त्याच्यावर मिथाइलचा टिकला लागलेला असतो. वय वाढतं तसे काही जागी टिकले वाढतात, काही जागी पुसले जातात. स्टीव्ह होर्व्हाथ या शास्त्रज्ञाने २०१३ साली अशा ३५३ जागा निवडून त्यांच्यावरून वय काढायचं सूत्र दिलं; अशा सूत्रालाच ‘घड्याळ’ म्हणतात. प्रयोगशाळेत नमुन्यातून डीएनए काढून त्याच्यावर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. टिकला नसलेलं सायटोसिन त्यात बदलून जातं, टिकलेवालं तसंच राहतं. मग चिपवर टाकून प्रत्येक जागी किती रेणूंवर टिकला आहे ते मोजतात. ०.४५ म्हणजे शंभरातल्या ४५ रेणूंवर.

गोची इथेच आहे. बायसल्फाइट कमी-जास्त लागलं, चिप बदलली, नमुना वेगळ्या बॅचमध्ये गेला, की तीच जागा ०.४५ ऐवजी ०.४८ दाखवते. एका जागेचा फरक किरकोळ, पण शेकडो जागांचे असे फरक वजन लावून बेरजेत येतात. एकाच रक्तनमुन्याचे दोन भाग करून तपासले तेव्हा जुन्या घड्याळांत ९ वर्षांपर्यंत तफावत निघाली, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. उपायही त्याच कामात सापडला: एकेक सुटी जागा न धरता एकत्र बदलणाऱ्या जागांचे गट पाडून सूत्र बसवलं, तर बहुतेक नमुन्यांत ही तफावत दीड वर्षाच्या आत येते. म्हणून रिपोर्टवर आधी घड्याळाचं नाव शोधा. नावच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरं कारण पेशींच्या मिश्रणाचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका जातीच्या नसतात आणि प्रत्येक जातीचे टिकले वेगळे. ताप-सर्दी होऊन गेली की त्यांचं आपसातलं प्रमाण हलतं. लाळेचं तर विचारूच नका: गालाच्या आतल्या पेशी किती आणि पांढऱ्या पेशी किती, हे दर वेळी वेगळं. आजचा लाळेचा आकडा सहा महिन्यांपूर्वीच्या रक्ताच्या आकड्याशी जोडून ‘४ वर्षं कमी झाली’ म्हणणं म्हणजे केळीच्या घडाचं वजन एकदा दांड्यासकट आणि एकदा दांडा काढून करणं.

आता नमुना नीट, प्रयोगशाळा नीट, सगळं नीट धरू. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ नावाच्या प्रयोगात २ वर्षं कमी खाणाऱ्यांचं रक्त अनेक घड्याळांनी तपासलं. निकाल २०२३ चा. डुनेडिनपेस नावाच्या घड्याळाने वय वाढण्याचा वेग २-३ टक्क्यांनी मंदावल्याचं दाखवलं. फेनोएज आणि ग्रिमएज ही दुसरी दोन घड्याळं जागची हलली नाहीत. माणसं तीच, रक्त तेच. मंग खरं कोनतं शे भो? हजारो माणसांच्या अभ्यासात या घड्याळांचा उपयोग नक्की आहे. एकट्या माणसाच्या रिपोर्टवर गोळी चालू किंवा बंद करण्याइतकी ती अजून पक्की नाहीत.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

उंदरांचे आकडे धरायचे, पण कुठले उंदीर ते आधी विचारायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक कार्यक्रम आहे. त्यात एकच औषध एकाच वेळी तीन ठिकाणी देतात: मेनमधली जॅक्सन प्रयोगशाळा, मिशिगन विद्यापीठ आणि सॅन अँटोनियोमधलं टेक्सास विद्यापीठाचं केंद्र. उंदीरही चार वाणांच्या संकरातले, म्हणजे एका वाणाची खोड निकालात शिरत नाही. कापसाचं बियाणं एकाच शेतात एकाच हंगामात पाहून कोणी शहाणा शिफारस करत नाही, तसंच हे.

रॅपामायसिनचा गाजलेला निकाल इथलाच, २००९ चा. औषध मूळचं ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूचं, १९९९ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर वापरलं जाणारं. उंदरांना ते तरुणपणीच सुरू करायचं ठरलं होतं, पण खाद्यात मिसळलं की टिकेना. आतड्यात पोहोचल्यावरच विरघळेल असं आवरण बनवण्यात वेळ गेला आणि उंदीर ६०० दिवसांचे झाले, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साठीचे. तशाही वयात सुरू करून ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के लांबला. साठीनंतर सुरू केलं तरी गुण येतो, हा शोध खाद्याच्या अडचणीने लावला म्हणा ना.

तिथेच उतरलेल्या दुसऱ्या गोष्टी: अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाने नरांचं मध्यम आयुष्य (निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ) २२ टक्के वाढलं, माद्यांचं जेमतेम ५. कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाने नरांचं १४ टक्के, माद्यांत काहीच नाही. ‘उंदीर जास्त जगले’ असं नुसतं म्हणणाऱ्याला नर की मादी, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. लाल द्राक्षांतलं रेझव्हेराट्रॉल नापास. याच्याच जोरावर उभी राहिलेली कंपनी २००८ साली ७२ कोटी डॉलरला विकली गेली होती! नुसती मेटफॉर्मिनही तिथे खात्रीने उतरली नाही. एनएमएनचं सख्खं भावंड निकोटिनामाइड रायबोसाइड नापास. आणि हळदवाल्यांनी रागावू नये, कर्क्युमिनही नापास.

माणसात येताना गाडी कुठे अडते? प्रयोगशाळेतला उंदीर बहुधा कर्करोगाने मरतो आणि रॅपामायसिन गाठींची वाढ रोखतं. माणूस हृदयविकाराने, पक्षाघाताने, न्यूमोनियानेही जातो. शिवाय उंदराचा पिंजरा रोगजंतूंपासून जपलेला असतो, आपलं घर नाही.

रॅपामायसिन पेशीतल्या ज्या एम-टॉर नावाच्या प्रथिनाला दाबतं, त्यालाच दाबणारं आरटीबी-१०१ नावाचं दुसरं औषध म्हाताऱ्या माणसांतले श्वसनाचे संसर्ग कमी करतं का, हे पाहिलं. दुसऱ्या टप्प्यात आशा दिसली. तिथे प्रयोगशाळेत सिद्ध झालेला संसर्ग मोजला होता. तिसऱ्या टप्प्यात मोजमाप बदलून नुसत्या लक्षणांवर नेलं आणि २०१९ मध्ये तो फसला. औषध कुचकामी की मोजपट्टी ढोबळ, यावर अजून वाद आहे.

रॅपामायसिनचाच ४८ आठवड्यांचा प्रयोग २०२५ मध्ये छापून आला, आठवड्याला ५ किंवा १० मिलिग्रॅमचा. पोटातल्या चरबीत फरक दिसेल अशी मुख्य अपेक्षा होती, तो दिसला नाही. १० मिलिग्रॅमवाल्या बायकांत चरबीविरहित वजन थोडं सुधारलं. पण वापरलेली कॅप्सूल मुद्दाम बनवून घेतलेली होती आणि ती बाजारातल्या गोळीच्या साधारण तिसरा हिस्साच रक्तात उतरत होती. म्हणजे १० चे खरे तीन-साडेतीन. फारसा गुण दिसला नाही, फारसा त्रासही दिसला नाही, यातलं नवल गेलं.

गुडघ्यांची गोष्टही टिपणात घ्या. म्हाताऱ्या, न मरता सूज पसरवणाऱ्या पेशी मारायच्या, ही कल्पना उंदरांत झकास चालली. यूबीएक्स-०१०१ नावाचं इंजेक्शन १८३ गुडघेदुखीच्या रुग्णांत तपासलं, ऑगस्ट २०२० मध्ये निकाल आला: १२ आठवड्यांनी खोट्या इंजेक्शनइतकाच आराम. उंदराचा गुडघा अस्थिबंध कापून काही आठवड्यांत बिघडवलेला होता. माणसाचा तीस वर्षांत झिजलेला.

औषधाची_बाजू (भुसावळ):

मेटफॉर्मिनचं मी सांगते.

आशेचं मूळ २०१४ चा ब्रिटिश नोंदींचा अभ्यास. त्यात मेटफॉर्मिनवरचे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगताना दिसले. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवर तसंच करून पाहिलं, तर तो फायदा सापडला नाही. पहिल्या अभ्यासात औषध बदलावं लागलेल्यांची नोंद तिथेच थांबवली होती. आजार वाढलेले गळाले की उरलेले धडधाकट दिसणारच. नक्की उत्तर देऊ शकेल असा टेम प्रयोग (६५ ते ७९ वयाचे ३,००० जण, ६ वर्षं) कित्येक वर्षं पैशावाचून रखडला. गोळीचं पेटंट संपलेलं, मग खर्च करून कमावणार कोण?

मधुमेह नसताना बिघडतं काय, तर पहिलं स्नायू. ६५ च्या पुढच्यांना १४ आठवडे वजनं उचलायला लावली, निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना खोटी गोळी. २०१९ चा निकाल: मेटफॉर्मिनवाल्यांचा स्नायू कमी भरला. दुसरं, वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी म्हाताऱ्यांत ते आधीच काठावर असतं. पायाला मुंग्या येतात, त्या ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात.

तिसरं खास आपल्या भागाचं. ही गोळी शरीरात मोडत नाही, जशीच्या तशी मूत्रपिंडातून बाहेर पडते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, त्यात जुलाब-उलट्या लागल्या की मूत्रपिंडाचं काम एकदोन दिवसांत घसरतं, गोळी साठते आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर गोळी देतच नाहीत, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. ज्यांना मधुमेहासाठी चालू आहे त्यांनी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नये. अशा दिवसांत थांबवायची का आणि परत कधी चालू करायची, हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

रॅपामायसिन, म्हणजे औषधाच्या दुकानातलं सिरोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारं आहे. तोंडात फोड, कोलेस्टेरॉल वाढणं, जखम उशिरा भरणं हे ठरलेले त्रास. दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया असेल, पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर ते आणखी महागात पडतं. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, डिल्टियाझेम यांच्याबरोबर रक्तातली पातळी चढते. दुकानात ‘एक पट्टी द्या’ म्हणून मागायची ही वस्तू नाही.

एनएमएन: २०२१ साली पाळी गेलेल्या, साखर काठावर असलेल्या २५ बायकांपैकी साधारण निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम १० आठवडे दिलं, बाकीच्यांना खोटी गोळी. स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर होती तिथेच. एवढ्यावर डबीची किंमत काढता येत असेल तर काढा.

तापीकाठ (चोपडा):

ताई, मेच्या उन्हाचा मुद्दा चौकटीत टाकतो. कमी खाण्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? संघात निम्मे लोक ‘आम्ही एकादशी करतोच’ म्हणतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

साबुदाण्याची खिचडी, वरून दाण्याचा कूट, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा: ही एकादशी भाकरी-भाजीच्या दिवसापेक्षा जास्त भरते. श्रद्धेचं श्रद्धेपाशी, उष्मांकाचा हिशेब वेगळा.

माकडांचे दोन प्रयोग वाचण्यासारखे आहेत. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात (२०१२) नाही. नंतर खाद्य तपासलं तर विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर साडेअठ्ठावीस टक्के, संस्थेच्या खाद्यात जेमतेम ४. शिवाय विस्कॉन्सिनच्या तुलनेच्या गटाला हवं तेवढं खायला मोकळीक. म्हणजे एका ठिकाणी ‘कमी गोड’ विरुद्ध ‘भरपूर गोड’ अशीच तुलना झाली. माणसांतल्या कॅलरी प्रयोगात २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं साधारण १२. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण वजनाबरोबर हाडांची घनताही उतरली. आणि ही माणसं तरुण ते मध्यमवयीन होती, लठ्ठ नव्हती. सत्तरीच्या काटकुळ्या माणसाला हे लागू करू नका.

कळण्याची_भाकर (अमळनेर):

संघात काही मोजायचंच असेल तर लाळ पाठवण्यापेक्षा हे मोजा. उतारवयातली स्नायूंची झीज ओळखायचे हे आशियाई निकष २०१९ चे आहेत.

चालण्याचा वेग: सपाट फरशीवर खडूने ६ मीटर आखा, अलीकडे-पलीकडे दीड-दोन मीटर मोकळे सोडा. माणूस नेहमीच्या चालीने आधीपासून चालत येईल, तुम्ही फक्त रेषा ते रेषा वेळ घ्या. ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग मंद. चूक हमखास इथे होते: ‘चला’ म्हटल्यावर उभ्या जागेवरून घड्याळ लावतात किंवा मंडळी शर्यत असल्यासारखी पळतात.

खुर्ची: हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी. खुर्ची भिंतीला टेकवा, बाजूला एक जण उभा राहू द्या.

पकड मोजायचं यंत्र मिळालं तर पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली कमी समजतात.

खाण्यात ‘चांगलं’ म्हणजे किती, तेही आकड्यात घ्या. उतारवयात प्रथिनं किलोला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. नुसत्या ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० असतात. चार भाग ज्वारी, एक भाग उडीद असं कळणं केलं तर साडेबाराच्या आसपास. केळात जेमतेम १. म्हणजे दोन्ही वेळा वाटीभर घट्ट डाळ आणि दूध, दही किंवा अंडं धरल्याशिवाय बेरीज जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लावू नका, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

तापीकाठ (चोपडा):

संघाच्या हॉलमध्ये खुर्च्या प्लॅस्टिकच्या, हाताच्या आहेत. त्या नाहीतर खाट चालेल का?

कळण्याची_भाकर (अमळनेर):

खाट नको, ती मध्ये खचते आणि उठायला जास्त वेळ लागतो. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, शिवाय हात दिसला की माणूस नकळत टेकतो. शाळेतून बिनहाताची लाकडी खुर्ची मागून आणा, बसायची उंची ४३ सेंटीमीटरच्या आसपास हवी. आणि तीन महिन्यांनी परत मोजाल तेव्हा तीच खुर्ची आणा, नाहीतर लाळेच्या रिपोर्टसारखंच होईल.