कोल्हापूरचं घर विकायचंय, टायटल कंपनी कुठं मिळेल?

प्रेषक: मंजिरी, एडिसन

नमस्कार मंडळी,

शिवाजी पेठेतलं आमचं घर विकायचं घाटतंय. आजोबांनी 1962 साली स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. प्रॉपर्टी कार्डावर अजून त्यांचंच नाव आहे. आजी त्यांच्या आधी गेली. मृत्युपत्र नाही. आजोबांच्या मागे काका, दोन आत्या आणि बाबा. पुढे बाबाही गेले, म्हणजे आमच्याकडून आई, मी आणि धाकटा भाऊ. आई कोल्हापुरातच असते, आम्ही दोघं इकडे अमेरिकेत.

चुलतभावानं गिऱ्हाईक आणलंय. म्हणतो, "ताई, तू नुसतं वटमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) पाठव, बाकी मी बघतो. आत्यांची लग्नं आजोबांनी थाटात करून दिली, त्यांचा आता काय संबंध?" पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे, गिरणीवाले आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू.

इथं घर घेतलं तेव्हा टायटल कंपनीनं सगळं बघितलं. आम्ही तासभर सह्या केल्या आणि किल्ली घेऊन बाहेर पडलो. कोल्हापुरात हे काम कोण करतं?

मंजिरी

---

प्रेषक: सुहास, कोलंबस

मंजिरी,

मी अशाच एका कंपनीत काम करतो, म्हणून आधी तुझा एक समज काढतो. त्या तासाभराच्या सह्यांमागे काही आठवड्यांचं काम असतं. कौंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात दस्त लागतात, पण खरा मालक कोण हे ते ऑफिस ठरवत नाही. आम्ही जुने दस्त चाळतो. फिटलेलं पण कागदावर तसंच राहिलेलं कर्ज, थकलेला कर, सही न केलेला वारस, असं काय काय निघतं. ते मिटवतो किंवा "एवढ्याची हमी नाही" असं आधीच लिहून देतो. तरीही उद्या खोटी सही निघाली तर घेणाऱ्याला आमच्या मालकी विम्यातून भरपाई. हा विम्याचा धंदा 1876 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला तो याच कारणानं: शोध घेणारा कितीही काटेकोर असला तरी चूक राहू शकते, आणि त्याचा भुर्दंड बिचाऱ्या खरेदीदाराला बसायचा.

दुसरं काम पैशाचं. घेणाऱ्याचे पैसे आमच्या एस्क्रो खात्यात येतात, जुनं कर्ज तिथूनच फिटतं आणि उरलेले विकणाऱ्याला जातात. गृहकर्ज असेल तर सगळा हिशेब घेणाऱ्याच्या हातात सह्यांच्या किमान तीन कामाचे दिवस आधी पडावा लागतो. मधे कोणी तिऱ्हाईत असल्यामुळे "आधी पैसे की आधी सही" हा वाद इथं होत नाही.

कोल्हापुरात ही दोन्ही कामं एका छताखाली करणारं कोणी माझ्या ऐकिवात नाही. वकीलकाका आपल्या मेलिंग लिस्टवर आहेत, तेच सांगतील.

सुहास

---

प्रेषक: वकीलकाका, कोल्हापूर

मंजिरी, सुहास,

लेकीनं मला या यादीत घातलंय, एरवी मी नुसता वाचतो. पण आत्यांचा काय संबंध हे वाचल्यावर राहवलं नाही.

आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही. मग 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा-मुलगी सारखेच. 2005 च्या दुरुस्तीपर्यंत जायचीही गरज नाही, ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरती. म्हणजे काका, दोन्ही आत्या आणि तुझे बाबा, प्रत्येकी चार आणे. बाबांच्या चार आण्यांत तुम्ही तिघं, म्हणजे तुझा बारावा हिस्सा. लग्नात किती तोळे घातले ते कायदा विचारत नाही.

आता आत्यांकडून हक्कसोडपत्र घ्यायचा बेत निघेल. खरोखर काही नको असेल तर घ्या, पण ते नोंदवलेलंच हवं, नुसत्या स्टँपवर लिहिलेलं चालायचं नाही. आणि त्यांना पैसे द्यायचेच असतील तर हक्कसोडीच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांनी खरेदीपत्रावर विकणारे म्हणून सह्या करायच्या आणि ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या खात्यात. पेठेतले निम्मे दावे "आत्यानं तोंडी सोडलं होतं" या एका वाक्यातून उभे राहतात.

त्याआधी सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंद. महापालिकेच्या घरफाळ्याला नाव लागलं म्हणजे मालकी झाली, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. घरफाळा हा कर, मालकीचा पुरावा नव्हे. गिऱ्हाइकाचा वकील दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या ऑफिसात, सहसा 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च घेईल, बोजा (मिळकतीवरचं कर्ज वगैरे) आहे का पाहील आणि पेपरात जाहीर नोटीस देईल. पण 1962 त्याच्याही मागचं, म्हणून आजोबांचं मूळ खरेदीपत्र शोधा. त्यातली चतुःसीमा नीट वाचा. "पश्चिमेस गोठा, दक्षिणेस सामाईक बोळ" असं लिहिलेलं असतं. आज गोठ्याच्या जागी तीन मजले आणि बोळात शेजाऱ्याचा जिना. तसं असेल तर आधी मोजणी करून घ्या. पुढे भांडण निघालं की गिऱ्हाईक आधी किंमत पाडतं, मग पळतं.

गिरणीवाल्याचं उघड सांगा. त्याला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असणार. घर विकलं म्हणून त्याचा हक्क जात नाही. संचकारपत्रात (विसार घेऊन करायच्या करारात) "भाडेकरूसह" असं स्पष्ट येऊ दे. रिकामी खोली देतो म्हणून चुलतभावानं शब्द दिला असेल, तर तो शब्द तुमच्या सगळ्यांच्या गळ्यात येईल.

वटमुखत्यारपत्र द्या, पण विशेष, याच मिळकतीपुरतं. सर्वाधिकाराचं देऊ नका. भारताच्या वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करा. नोंदणी कायद्याच्या 33 व्या कलमाला दोन्ही चालतं. नोटरीकडचं असेल तर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) करून घ्या. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरावा लागतो. "माझ्या वतीने रक्कम स्वीकारणे" ही ओळ मात्र काढून टाका. सही चुलतभाऊ करेल, पैसे तुमच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यात.

काका

---

प्रेषक: सुहास, कोलंबस

काकांच्या शेवटच्या ओळीला जोडून: खात्याचा नंबर बदललाय असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या फोनवर बोलल्याशिवाय पैसे हलवू देऊ नका. इथं असल्या मेलांनी लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलीय.

---

प्रेषक: मंजिरी, एडिसन

काका, चुलतभावाला फोन केला. थोडा तापला, पण आत्यांच्या सह्या घ्यायला तयार झाला. गिऱ्हाईक विचारतंय, टॅक्स कापायचा का? आणि तिथं एस्क्रो नाही, तर पैसे नक्की केव्हा?

---

प्रेषक: वकीलकाका, कोल्हापूर

कापायचाच, आणि कापणं ही त्याची जबाबदारी, म्हणून संचकारापूर्वीच सांगा. आई, काका आणि आत्या इथलेच, त्यांना एकूण किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का. तू आणि तुझा भाऊ अनिवासी. तुमच्या हिश्शावर 12.5 टक्के, वर सरचार्ज लागू असेल तो आणि सेस. आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर नफ्यावर नव्हे, मिळणाऱ्या पूर्ण रकमेवर कापतात. ते प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण वेळ लागतो, आजच सीए गाठा. 2001 पूर्वीचं घर, तेव्हा नफा काढायला 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकनही लागेल. पैसे अमेरिकेत न्यायचे तर एनआरओमधून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या दाखल्यावर.

पैसे केव्हा, तर अंगठ्याच्या आधी. डिमांड ड्राफ्टचे नंबर खरेदीपत्रात घालून घ्यायचे, मूळ ड्राफ्ट बघायचे आणि मग निबंधकापुढे बसायचं. आरटीजीएस असेल तर आपल्या बँकेतून जमा झाल्याची खात्री करा, त्यांच्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. वटमुखत्यार सही करणार म्हणून, तुम्ही हयात आहात आणि पत्र रद्द केलेलं नाही असं घोषणापत्रही तिथं द्यावं लागेल.

डिजिटल सहीचं प्रॉपर्टी कार्ड सरकारच्या महाभूमी साइटवर मिळतं. सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि वॉर्ड टाकून काढ आणि मला पाठव. बोजाचा रकाना बघितल्याशिवाय संचकाराला हो म्हणू नका.