चौथ्या वर्षी पीएचडी सोडू का? पी-ईआरके पुन्हा पुन्हा परत येतोय

कळव्याची: राहते कळव्याला, लॅब नवी मुंबईत. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींतल्या सिग्नलिंगवर काम करतेय. ईआरके म्हणजे पेशीत वाढीचा सिग्नल पुढे नेणारं प्रथिन, पी-ईआरके हे त्याचं फॉस्फेट लागलेलं, चालू रूप. पेशींना गेफिटिनिब (वाढीचा सिग्नल घेणारा ईजीएफआर हा रिसेप्टर दाबणारं औषध) दिलं की तासाभरात वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) पी-ईआरकेचे ४४ आणि ४२ किलोडाल्टनचे दोन्ही बँड पुसले जातात. २४ तासांनी बघावं तर दोन्ही हजर! चारदा केलं, चारही वेळा तेच. गुरुवारी रात्री साडेआठला डार्करूममधून बाहेर आले, ओली फिल्म दिव्यासमोर धरली आणि रडूच फुटलं. सरांना अजून दाखवलेली नाही.

ऐरोलीत एका कंपनीत क्लिनिकल डेटाची नोकरी मिळतेय. बाबा रिटायर झालेत, एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिप) महिन्याचे ४२,००० कधीकधी तीन-तीन महिने येत नाहीत. महिनाअखेर होकार कळवायचाय. काय करू?

घणसोली: ब्लॉकिंगला (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) दूध वापरतेस का? दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट लागलेलं प्रथिन), फॉस्फो-अँटिबॉडीला त्याचा त्रास होतो. फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला रोखणारे) ताजे घालतेस ना?

कळव्याची: दूध नाही, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ५ टक्के. इनहिबिटर त्याच दिवशी घालते. टोटल ईआरके (फॉस्फेट लागलेला-न लागलेला मिळून) सगळ्या लेनमध्ये सारखा आहे.

जुनी लॅबवाली: अगं मग ब्लॉट बरोबर आहे! पेशी दुसरी वाट काढत असणार. ईआरके चालू असतो तेव्हा तो वरच्या रिसेप्टरांना लगामही घालत असतो. त्याला दाबलं की लगाम सुटतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफ (ईआरकेच्या वरचं प्रथिन) दाबला की ईजीएफआर उसळतो, हे २०१२ साली दाखवलं गेलं. गेफिटिनिबला दाद न देणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये एमईटी (दुसरा एक रिसेप्टर) वाढलेला सापडला, २००७ साली.

आता एवढंच कर. एका प्लेटमध्ये २३व्या तासाला ताजं औषध घाल आणि तासाने लायसेट (पेशी फोडून मिळणारा द्रव) काढ. पी-ईआरके पडला तर जुनं औषध संपलं होतं. नाही पडला, आणि पी-ईजीएफआर (ईजीएफआरचं चालू रूप) मात्र दबलेलाच असेल, तर बायपास आहे, म्हणजे सिग्नल ईजीएफआरला वळसा घालून येतोय. मग एचईआर३ (ईजीएफआरच्याच कुटुंबातला रिसेप्टर) आणि एमईटी बघ. हा तुझ्या थीसिसचा अख्खा चॅप्टर आहे. फिल्म उद्याच सरांसमोर ठेव. चार महिने ती बॅगेत घेऊन फिरणारे मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

रबाळे: मी चौथ्याच वर्षी सोडली. पगार चांगला आहे, आईचं ऑपरेशन त्यावरच झालं, त्याबद्दल पस्तावा नाही. पण सायंटिस्टच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला, दोन्हीकडे पीएचडी हवी होती. कंपनीला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून माग. आमच्याकडे तीन महिने थांबतात. आणि अडकलेल्या फेलोशिपसाठी अकाउंट्सला तोंडी सांगू नकोस, लेखी अर्ज देऊन पोच घे.

कळव्याची: ताई, २३व्या तासाचं डोक्यातच आलं नव्हतं. पी-ईजीएफआरची अँटिबॉडी शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागितली. आज दुपारी पेशी प्लेट केल्या, उद्या औषध. तारखेसाठी एचआरला मेल टाकलाय. सरांनी शुक्रवारी ११ची वेळ दिलीय, चारही फिल्म घेऊन जातेय.