मदत हवी आहे: स्टॅलॅग्माइटची वयं उलटसुलट येत आहेत

मेघालयातल्या चुनखडीच्या गुहेतला स्टॅलॅग्माइट (ठिबकत्या पाण्यातून जमिनीवरून वर वाढलेला चुन्याचा खांब) आहे. शोधायची आहे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून कमजोर पडल्याची घटना. वाढीच्या अक्षावर दर अर्ध्या मिलिमीटरला पूड काढून ऑक्सिजन-१८ (मान्सूनच्या चढउताराची खूण) मोजलं. तो आलेख चांगला आहे. घोडं अडलंय युरेनियम-थोरियम वयांवर (युरेनियमपासून कालांतराने किती थोरियम-२३० तयार झालं, त्यावरून काढलेली वयं).

मधल्या मातकट पट्ट्यात वरचा थर खालच्यापेक्षा जुना निघतोय. तिथे थोरियम-२३२ भरपूर, म्हणजे ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चिकणमातीने थोरियम-२३०सुद्धा आणलं आणि वय फुगलं. दुरुस्तीसाठी नेहमीचं प्रारंभिक थोरियम-२३०/थोरियम-२३२ गुणोत्तर (४.४ ± २.२) × १०⁻⁶ धरलं, तर त्रुटी शेकडो वर्षांची होते. एवढ्या त्रुटीत ही घटना कुठे बसवणार?

एकाच थरातून कमी-जास्त मातीचे चार-पाच नमुने घेऊन आयसोक्रॉन (त्यांच्या गुणोत्तरांतून जाणारी रेषा, जिच्यावरून मातीतलं थोरियम वगळून वय मिळतं) काढता येईल, पण दर नमुन्याला शंभरेक मिलिग्रॅम पूड लागते आणि थर जेमतेम २ मिमी जाड. की थरांचा क्रम हीच अट धरून गुणोत्तर मागे काढावं?

दुसरी शंका जास्त छळते. पट्टा पुन्हा विरघळून युरेनियम निघून गेलं असेल, तरीही वय फुगतंच, आणि तिथे आयसोक्रॉन कुचकामी. पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या दगडाच्या पातळ कापात) हे नेमकं कशावरून ओळखता? (दुसरा स्टॅलॅग्माइट तोडून आणा, हे कृपया सुचवू नका.)