प्रति: विभक्ती पाठ करण्याआधी ध्वनी ऐका

इथे एकांनी असं म्हटलंय की सर्बो-क्रोएशियन (सर्बिया-क्रोएशिया भागातली भाषा) नामांची रूपं घोकण्यावाचून गत्यंतर नाही, कारण प्रत्यय लागताच शब्दच बदलतो. मला हे पटत नाही. बदलतात ते ध्वनी, आणि तेही बहुतेक वेळा नियमाने.

'व्राबात्स' (चिमणी) घ्या. षष्ठीत होतं 'व्राप्त्सा'. अंत्याक्षरातला 'आ' प्रत्यय लागल्यावर गळतो (आपल्या 'कापूस-कापसाचा'मध्ये 'ऊ' टिकत नाही, तसंच काहीसं). मग 'ब' थेट अघोष (घशात कंप न होणाऱ्या) 'त्स'ला भिडतो आणि 'प' होतो. संबोधनात 'ए' येतो, तेव्हा 'त्स'चा 'च': 'व्राप्चे'! हेच तीन नियम पुढे शेकडो नामांना पुरतात.

'क'चंही तेच. 'वोय्निक' (सैनिक), अनेकवचन 'वोय्नित्सी', पण हाक मारताना 'वोय्निचे'. 'रुका' (हात) चतुर्थीत 'रुत्सी'. अपवाद आहेतच: 'लुका' या नावाचं 'लुकी' होतं, 'लुत्सी' नाही. व्यक्तींची नावं बहुधा अशी जपली जातात.

हे बदल आपल्याला अंगावर येतात, कारण ते लेखनात दिसतात. सर्बियन भाषासुधारक वुक काराजिच यांनी १८१८च्या कोशात उच्चारानुसारी लेखनाचा आग्रह धरला. मराठीत 'माझा' आणि 'माझी' यांतले 'झ' वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकच. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला तरी वुक यांची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

स्वराघाताचं (शब्दात जोर कुठे आणि कसा द्यायचा याचं) प्रकरण मात्र खरंच अवघड आहे. तिथे घोकंपट्टीला माझीही हरकत नाही.