हरणासाठी पहिला क्रॉसबो कोणता घ्यावा?

विषय: पहिला क्रॉसबो घ्यायचाय, सल्ला हवा

सर्वांना नमस्कार,

इथे अमेरिकेत हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या शिक्षणाचा) कोर्स गेल्या महिन्यात पूर्ण केला, कार्डही आलं. येत्या सीझनला हरणाच्या शिकारीला जायचं नक्की केलंय. साधं धनुष्य ओढून धरणं मला जमणार नाही, दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. म्हणून क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं ट्रिगर दाबून बाण सोडायचं धनुष्य.

पण बघायला गेले आणि गोंधळून परत आले. कुणावर ३०० फूट प्रतिसेकंद लिहिलेलं, कुणावर ४००, कुणावर त्याहूनही जास्त. विकणारा म्हणाला, वेग जितका जास्त तितकं चांगलं, पैसे त्यातच घाला. हे खरं आहे का? काका, तुम्ही इतकी वर्षं जाताय, तुमचं मत ऐकायला आवडेल.

---

विषय: उत्तर: पहिला क्रॉसबो घ्यायचाय, सल्ला हवा

अगं, खांद्याचं लिहिलंस ते बरं केलंस. निवड तिथूनच सुरू होते, वेगापासून नाही.

शिकारीच्या क्रॉसबोची ओढ, म्हणजे दोरी (स्ट्रिंग) ताणायला लागणारा जोर, साधारण १५० ते २०० पाउंड असते. नुसत्या हातांनी तो ताणायच्या भानगडीत पडू नकोस. कॉकिंग रोप (स्ट्रिंग ताणायचा दोर) लावला की कप्पीच्या तत्त्वाने जोर निम्म्यावर येतो, म्हणजे १७० चा क्रॉसबो ८५ पाउंडांसारखा लागतो. शिवाय स्ट्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी ओढली जाते. ती जराशी एकीकडे सरकली तरी बाण बाजूला जातो. तुझ्या खांद्याला ८५ सुद्धा जास्त होतील असं मला वाटतं, तेव्हा क्रँक, म्हणजे स्ट्रिंग ताणायचं फिरवायचं हँडल, असलेलाच बघ. वेळ लागतो, वजन थोडं वाढतं, पण थंडीत जाड कपडे घालून ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) बसलेली असताना जो तुला एकटीला ताणता येतो, तोच तुझा क्रॉसबो.

आता वेग. ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं एकक) बाण ३०० फूट वेगाने सुटला तर त्यात जवळपास ८० फूट-पाउंड ऊर्जा असते. धारदार ब्रॉडहेड (पाती असलेलं बाणाचं टोक) असेल आणि बाण योग्य जागी लागला, तर हरणाला एवढी भरपूर झाली. लोक वेग मागतात तो लांबून मारता यावं म्हणून, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, बाणाच्या कितीतरी पुढे, म्हणजे बाण पोचायच्या आधीच तो हरणाला ऐकू येतो. ३० यार्डांवर ३०० फूट वेगाच्या बाणाला ०.३ सेकंद लागतात. ५० यार्डांवर ४०० फूटवाल्यालाही ०.३७ च्या वर लागतात. म्हणजे महागडा क्रॉसबो घेऊन वीस यार्ड मागे सरकलीस, तर हरणाला उलट जास्त वेळ मिळाला.

हे मी स्वतः भोगलंय. माझा तेव्हाचा क्रॉसबो ३९० फूटवाला होता. मादी ४५ यार्डांवर अगदी आडवी उभी होती, पण मान वर, कान ताठ. मला ते दिसत होतं, तरी ट्रिगर दाबला. आवाजासरशी ती पायांत दबली, पळायच्या आधी हरीण असंच दबतं, आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पाठीच्या वरच्या मांसातून आरपार गेला. बाण मिळाला तेव्हा त्याच्या पिसांना थोडं रक्त आणि पांढरी चरबी चिकटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माग काढला. ती मिळाली नाही. त्यानंतर मी ३० यार्डांच्या पुढे बाण सोडलेला नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: पहिला क्रॉसबो घ्यायचाय, सल्ला हवा

काकांशी वेगाबद्दल मी शंभर टक्के सहमत. पण क्रँकबरोबर कंपाउंडच (चाकं आणि केबल असलेला) घ्यायला हवा असं समजू नकोस गं. मी रिकर्व्ह वापरते, टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याचा. त्याला ना चाकं (कॅम), ना केबल. स्ट्रिंग झिजली तर स्ट्रिंगर नावाच्या साध्या साधनाने घरीच बदलते, कंपाउंडची बदलायला प्रेस नावाचं यंत्र लागतं. एक्सकॅलिबरसारखी कंपनी वर्षानुवर्षं रिकर्व्हच बनवत आली आहे. तोटाही सांगते, तो रुंद असतो. बाण सुटताना त्याचे दोन्ही लिम्ब (धनुष्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या) बाहेर फाकतात, ब्लाइंडच्या (लपून बसायच्या आडोशाच्या) खांबाला किंवा फांदीला लागले तर नेम तर जातोच, लिम्बही तुटू शकतो. अरुंद जागेत बसणार असशील तर कंपाउंड बरा.

आणि अंगठा! पुढच्या हाताचा अंगठा रेलच्या (जिच्यावर बाण ठेवतात त्या पट्टीच्या) वर येता कामा नये. स्ट्रिंग त्याच वाटेने धावते, तिला बोट कळत नाही. खाली पकडीला रुंद कड असलेलाच क्रॉसबो घे, आणि खांद्याला लावताना दर वेळी डोळ्यांनी अंगठा बघ. मला अजून ती सवय आहे.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पहिला क्रॉसबो घ्यायचाय, सल्ला हवा

काका, मावशी, मनापासून आभार. तुमच्या मेल दोनदा वाचल्या. क्रँकवाला कंपाउंड, ३५० च्या आसपास, असं ठरत चाललंय. दोन शंका राहिल्या. बाण कुठलेही चालतात का? आणि दिवसभर बसून हरीण आलंच नाही, तर ताणलेला क्रॉसबो उतरवायचा कसा?

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: पहिला क्रॉसबो घ्यायचाय, सल्ला हवा

कुठलेही बाण अजिबात चालत नाहीत. बाणाच्या मागची खाच, म्हणजे नॉक, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच हवी. चुकीची असली तर स्ट्रिंग बाणाच्या वरून किंवा खालून निसटते, आणि मग ते रिकामा क्रॉसबो सोडल्यासारखंच झालं. बाण नसताना ट्रिगर कधीही दाबायचा नाही. सगळी ताकद लिम्बमध्येच परतते, ते फुटतात, तुकडे तोंडावर येतात. ड्राय फायर (असं बाणाशिवाय सुटणं) रोखणारी सोय हल्ली बहुतेकांत असते, ती आहे ना याची खात्री करून घे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. बाणाचं किमान वजनही पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याहून हलका लावायचा नाही. सरावाला फील्ड पॉइंट (बिनपात्यांचं साधं टोक) १०० ग्रेनचं असेल तर ब्रॉडहेडही १०० चंच घे. तरीही सीझनच्या आधी ब्रॉडहेड लावून मारून बघच, पुष्कळदा बाण दुसरीकडेच जातो.

उतरवण्याचं असं: काही नव्या क्रँकना उलट फिरवून स्ट्रिंग सावकाश सोडता येते. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करायचं. नाहीतर फील्ड पॉइंट लावलेला एक जुना बाण जवळ ठेव आणि स्टँडवरून उतरायच्या आधी तो खाली टार्गेटमध्ये किंवा मऊ मातीत मारून मोकळी हो. ताणलेला क्रॉसबो घेऊन चढायचं-उतरायचं नाही, रात्रभर तसा ठेवायचा नाही.

आपल्या राज्याचे नियम या वर्षीचे वाच, मागच्या वर्षीचे नकोत. क्रॉसबो कुठल्या सीझनला चालतो, ओढ किमान किती हवी, हे राज्यागणिक वेगळं आहे. ऑरेगनमध्ये तर क्रॉसबोने शिकारच करता येत नाही.

घ्यायच्या आधी रविवारी रेंजवर ये. माझा क्रँकवाला आणि मावशींचा रिकर्व्ह, दोन्ही आणतो. दोन्ही स्वतः ताणून बघ, आणि प्रत्येक पाच मिनिटं खांद्याला लावून धर. स्कोप धरून सात-आठ पाउंड वजन असतं, दुखतंय का ते तिथेच कळेल.